नेलपॉलिशचा ठिपका

"अहो, उचला! आधी वर उचला, मग आत ढकला! ओढू नका, ओढू नका!"

सकाळी दहाच्या सुमाराला सांगलीतल्या आमच्या गल्लीत ही आरोळी ऐकू आली की समजावं, आमच्या फाटकाशी कुणीतरी नवखं माणूस येऊन उभं राहिलंय. आज गॅसवाला पोरगा होता. नेहमीचे मामा गावी गेलेत, हा बदलीवर आलेला. खांद्यावर भरलेला सिलिंडर, एक हात फाटकाच्या मुठीवर आणि चेहरा गोंधळलेला. इकडून मी व्हरांड्यातून ओरडतेय, तिकडून मेंदीच्या कुंपणापलीकडून आक्का ओरडताहेत, आणि पोरगा दोघींचं ऐकून फाटक एकाच वेळी ओढतोयही आणि उचलतोयही. शेवटी आक्कांनीच कुंपणावरून हात लांबवून फाटकाला खालून एक झटका दिला, तेव्हा कुठे ते उघडलं.

"आजकालची पोरं," पोरगा आत गेल्यावर आक्का म्हणाल्या, "मोबाईलमध्ये काय वाट्टेल ते उघडतील, पण एक फाटक उघडता येईना ओ."

दोघीही हसलो. मग आक्कांनी मेंदीतल्या ठरलेल्या फटीतून वाटी पुढे केली. गेली वीस वर्षं विरजण, कढीलिंब आणि गल्लीतल्या बातम्या यांची ने-आण त्याच फटीतून चालते.

"वैनी, विरजण द्या की चमचाभर."

"विरजणाचं काय घेऊन बसलात आक्का! सकाळी सकाळी लिटरभर दूध ओट्यावर. मुलानं दिवाळीला ती काचेची शेगडी दिली ना, चार बर्नरची? बर्नर चौकोनात, दोन पुढे, दोन मागे. आणि बटणं मात्र चारही एका ओळीत. कुठलं कुणाचं, ब्रह्मदेवाला ठाऊक. डाळीखालचा जाळ वाढवायला गेले आणि वाढला दुधाखालचा. चार महिने झाले, तरी माझ्या डोक्यात बसत नाही. वय झालं, दुसरं काय."

"वय कशाला होतंय?" आक्कांनी पदर खोचला. आक्का पदर खोचतात तेव्हा विषय किमान अर्धा तास चालतो. "ठिपका लावा की."

"कसला ठिपका?"

"नेलपॉलिशचा. या बघायला. गिझरच्या बटणाला लाल ठिपका. पंख्याच्या बटणाला दोन. वॉशिंग मशीनवर सोळा नमुन्यांचं धुणं लिहिलंय, त्यातलं मी वापरते एक, त्याला ठिपका. मिक्सरच्या झाकणाला ठिपका, भांड्याला ठिपका, ठिपक्याला ठिपका जुळला की झाकण बसतं. नखाला आयुष्यात कधी लावलं नाही, पण दोन बाटल्या संपल्या बघा माझ्या."

मला हसू आलं, पण आक्का गंभीर होत्या.

"मलाही आधी लाज वाटायची. दिवाळीत नात आली ना पवईहून, आयआयटीत डिझाइन शिकतीया ती, तर मी तिच्यापासून लपवायला बघत होते. म्हटलं, म्हणेल आजीला काही समजत नाही. तर ती कार्टी मोबाईल काढून ठिपक्यांचे फोटो काढायला लागली! म्हणाली, आजी, हे ठिपके म्हणजे त्या त्या कंपनीचं प्रगतिपुस्तक आहे. जिथं जिथं तू ठिपका लावलास, तिथं तिथं ते नापास."

"आणि शेगडीचं काय म्हणाली?"

"तुमच्या शेगडीची तर म्हणे पुस्तकात गोष्ट आहे. डॉन नॉर्मन म्हणून एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. त्यानं १९८८ साली रोजच्या वापरातल्या वस्तूंवर पुस्तक लिहिलं, आणि त्यात हाच प्रश्न घेतलाय, चार बर्नर चौकोनात आणि चार बटणं ओळीत. त्याचं म्हणणं, बर्नर थोडे मागेपुढे सरकवून डावीकडून उजवीकडे वेगवेगळे दिसतील असे बसवा, की पहिलं बटण पहिल्याचं, दुसरं दुसऱ्याचं, आपोआप समजतं. वर काही लिहावंच लागत नाही. लिहावं लागलं म्हणजे मांडणी चुकली."

"म्हणजे अमेरिकेतल्या बायकांचंही दूध उतू जातं तर."

"जातंय की! आणि दारं, वैनी. त्याच्या नावानं दाराची एक जातच पडलीय, नॉर्मन दार. ढकलायच्या दाराला ओढायची मूठ. मूठ दिसली की हात ओढणारच, तो काय पाटी वाचायला थांबतोय? मग लोक आपटतात, आणि वर स्वतःलाच वेंधळे म्हणतात. नात म्हणाली, आजी, त्या माणसानं सांगितलेली मोठी गोष्ट हीच, की चूक झाली की आपण आपल्या कपाळावर हात मारतो, वस्तूच्या नाही. आणि बनवणाऱ्याला विचारायला जावं तर त्याचं उत्तर ठरलेलं, मला तर नीट वापरता येतंय."

मला आमच्या बँकेचं काचेचं दार आठवलं. दोन्ही बाजूंना चकचकीत उभ्या मुठी, एका बाजूला 'ढकला', दुसऱ्या बाजूला 'ओढा'. त्या दारावर मी दर महिन्याला पेन्शनच्या दिवशी एकदा तरी आपटते आणि आतला शिपाई दर महिन्याला तसाच हसतो.

एवढ्यात गॅसवाला पोरगा रिकामा सिलिंडर घेऊन बाहेर आला. जाताना मला म्हणाला, "काकू, नवा बघून घ्या. बी-२८ आहे." आणि गेला. बाहेर पडताना फाटकाशी पुन्हा एक झटापट झाली, पण आता त्याला झटका जमला होता.

"बी-२८ म्हणजे काय ओ?" आक्कांनी विचारलं.

हे मला माहीत होतं, शाळेत सुरक्षा सप्ताहाला दरवर्षी सांगायचे. सिलिंडरच्या मानेजवळच्या पट्टीवर एक अक्षर आणि दोन आकडे असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जूनअखेर, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. बी-२८, म्हणजे जून २०२८ पर्यंत त्या टाकीची पुन्हा तपासणी व्हायला हवी.

"मग सरळ 'जून २०२८' लिहायला रंग जास्त लागतो काय?" आक्का म्हणाल्या. "मी चाळीस वर्षं सिलिंडर घेते, मला वाटायचं ते गोदामाचं काहीतरी असेल."

"आणि गंमत बघा," मी म्हटलं, "त्याच सिलिंडरमध्ये दुसरा एक इशारा आहे, तो शेंबड्या पोरालाही कळतो. गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. तो सडक्या कांद्यासारखा वास मुद्दाम घातलेला असतो, मरकॅप्टन नावाचं रसायन. गळती झाली की लगेच नाकाला कळतं. अक्षर नको, भाषा नको, चष्मा नको."

आक्का क्षणभर गप्प झाल्या. "म्हणजे एकाच टाकीवर एक शहाणा माणूस काम करून गेलाय आणि एक कारकून."

आक्कांचं हे असं असतं. त्या सातवीपर्यंत शिकल्या आणि मी तीस वर्षं शिकवलं, पण निकाल त्याच लावतात.

"शहाण्यांची कामं पूर्वी जास्त होती," आक्का सांगायला लागल्या. "पैसेच घ्या. लहानपणी आई अंधारात कनवटीला हात घालून म्हणायची, पाच पैसे काढ, दहा पैसे काढ. दिवा लागायचा नाही. पाच पैसे चौकोनी, दहा पैशाला झालर, नंतर वीस पैसे आले ते सहा कोनांचे. बोटाला समजायचं."

खरंच होतं. १९५७ साली दशमान पद्धत आली आणि त्यानंतरच्या नाण्यांना आकारांची श्रीमंती होती. तीन पैशालाही सहा कोन होते. नव्वदीतलं दोन रुपयांचं नाणं अकरा कोनांचं होतं. मग पुढे कुणाला काय सुचलं कोण जाणे, एक आणि दोन रुपये दोन्ही गोल, दोन्ही स्टीलचे. २०११ साली जे नवं दोनचं नाणं आलं ते नेमकं जुन्या एकच्या मापाचं.

"भाजीवाल्या मावशींशी माझं दर मंगळवारी भांडण व्हायचं त्यावरनं," आक्का म्हणाल्या. "ती म्हणायची एक दिला, मी म्हणायची दोन दिले. दोघीही खऱ्या होतो. खोटं नाणं होतं!"

"पण सुधारलं हं नंतर. २०१९ च्या नव्या नाण्यांत वीस रुपयांचं नाणं बारा कोनांचं केलंय, दृष्टिहीनांना ओळखता यावं म्हणून. आणि नोटांच्या कडेला तिरक्या उठावदार रेषा असतात, बोट फिरवून बघा. शंभरला चार, पाचशेला पाच. दोनशेला चार, पण मध्ये दोन गोल टिंबं."

आक्कांनी लगेच कमरेच्या बटव्यातून पाचशेची नोट काढून कडेवरून अंगठा फिरवला. डोळे मिटून. मग चेहरा उजळला. "आहे की ओ! हा सरकारी ठिपकाच झाला म्हणायचा."

आमचे हे बँकेतून निवृत्त झालेले. पैशाचा विषय निघाला की आतून पेपर खाली ठेवल्याचा आवाज येतो. तसा तो आला, आणि हे व्हरांड्याच्या दारात उभे राहिले.

"त्या एटीएमची गोष्ट सांग आक्कांना," यांनी मला फर्मावलं आणि स्वतःच सांगायला सुरुवात केली. "आक्का, पिन चार आकड्यांचाच का असतो, माहितीय? लंडनजवळ एनफिल्डला बार्कलेज बँकेनं २७ जून १९६७ रोजी पहिलं पैशाचं यंत्र बसवलं. ज्यांच्या डोक्यातून ते निघालं, ते शेफर्ड-बॅरन, जन्मले आपल्याकडे शिलाँगला. त्यांच्या मनात सहा आकडे होते, लष्करातला स्वतःचा नंबर त्यांना पाठ होता ना. पण स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, मला बाई चारच आकडे लक्षात राहतात. झालं, चार ठरले. त्यांनीच ही हकिकत पुढे सांगितली."

"बघा!" आक्का माझ्याकडे बघून म्हणाल्या. "एकदा बायकोला विचारलं, तर जगाची सोय झाली."

हे जरा खाकरले. "आणि दुसरं, कार्ड. पूर्वी बऱ्याच मशीनी आधी पैसे द्यायच्या, मग कार्ड. माणूस पैसे घेतो, मोजतो आणि चालू लागतो, कार्ड तिथंच. कारण तो कार्डासाठी आलेलाच नसतो, पैशासाठी आलेला असतो. हाती पैसे पडले की त्याच्या दृष्टीनं काम संपलं. मग शहाणपण आलं आणि क्रम उलटा केला, आधी कार्ड काढा, तेव्हाच पैसे येतील. माणूस नाही बदलला, क्रम बदलला."

एवढं सांगून हे पुन्हा पेपरात शिरले. मला म्हणायचं होतं की माझं कार्ड एकदा असंच राहिलं होतं तेव्हा याच माणसानं मला आठवडाभर 'विसरभोळी' म्हटलं होतं. पण आक्कांसमोर कशाला.

"पण वैनी, एक सांगा," आक्का म्हणाल्या. "कोपऱ्यावरचे वाणीकाका. कॅल्क्युलेटरवर न बघता बोटं चालतात त्यांची, पण मोबाईलवर नंबर लावायला दिला की चुकणार. सात दाबायला जातात, एक लागतो. का ओ?"

"कारण कॅल्क्युलेटरला सात-आठ-नऊ वर आणि फोनला एक-दोन-तीन वर. बेरजेच्या यंत्रांची मांडणी जुनी, ती कॅल्क्युलेटरनं उचलली. अमेरिकेत बेल कंपनीनं बटणांचा फोन काढला १९६३ साली, त्याआधी आपल्या प्रयोगशाळेत लोकांकडून तऱ्हेतऱ्हेच्या मांडण्या दाबून बघितल्या आणि एक-दोन-तीन वर ठेवलं. दोन्ही आपापल्या जागी ठीक. मधल्या मध्ये वाणीकाका अडकले."

"म्हणजे इथं कुणाची चूक नाही."

"नाही. इथं नुसती सवय. माझ्या मावसबहिणीकडे अमेरिकेत गेले होते, तिथं दिव्याचं बटण वर केलं की दिवा लागतो. आपलं खाली. महिनाभर मी त्यांच्या घरात दिवसा दिवे लावून ठेवले आणि रात्री अंधारात बसले."

आक्का खो खो हसल्या. मग एकदम म्हणाल्या, "एक यंत्र मात्र मला पहिल्या फटक्यात जमलं हं. मतदानाचं."

आणि हा माझा प्रांत. आम्ही शाळामास्तर म्हणजे निवडणुकीच्या कामाला बांधलेले. मी कित्येक वेळा तिसरी मतदान अधिकारी म्हणून कंट्रोल युनिटपाशी बसलेय. एकदा मिरज तालुक्यातल्या एका खेड्यात एक म्हातारी आली, नव्वदीची असेल. मला विचारते, "बाई, हात लावला तर शॉक बसंल का?" म्हटलं, नाही आजी, चिन्हासमोरचं निळं बटण दाबा. गेली आडोशाला. तिकडे लांब 'पीऽऽऽ' वाजलं आणि आतूनच तिचा आवाज आला, "झालं गं बाई!" तिला कुणी सांगितलं झालं म्हणून? त्या पीऽऽनं.

"आक्का, त्या यंत्रावर काय काय केलंय बघा. बटण एकाच रंगाचं, निळं. दाबलं की त्याच्याच शेजारी लाल दिवा लागतो, म्हणजे कुठलं दाबलं ते दिसतं. आवाज येतो, म्हणजे झालं ते कळतं. शेजारच्या पेटीत चिठ्ठी सात सेकंद दिसते. एका युनिटवर सोळा नावांची जागा, पण उमेदवार कमी असतील तर उरलेली बटणं झाकून टाकतात. दाबायला जे नकोच, ते दिसतच नाही! आणि घाबरून कुणी दहा वेळा दाबलं तरी मत एकच जातं. आम्ही पुढच्या मतदारासाठी बटण दाबेपर्यंत ते यंत्र गप्प."

"म्हणजे माणूस चुकणार, हे धरूनच केलंय."

"तेच तर. बेंगळुरूची बीईएल आणि हैदराबादची ईसीआयएल यांनी बनवलं, आणि त्याच्या घडणीत तुमच्या नातीच्या पवईच्या त्याच डिझाइन सेंटरच्या प्राध्यापकांचा हात होता."

आक्कांची मान एक इंच वर गेली. नातीचं नाव निघालं की ती जातेच. "पण चिन्हं त्याच्याआधीची ना? आई सांगायची पहिल्या निवडणुकीचं. प्रत्येक उमेदवाराची पेटीच वेगळी. पेटीवर चिन्ह चिकटवलेलं. कागदावर काही लिहायचं नाही, शिक्का नाही, नुसती चिठ्ठी आपल्या चिन्हाच्या पेटीत टाकायची. आईला सही येत नव्हती, पण मत बरोबर पडलं, असं अभिमानानं सांगायची."

१९५१-५२ ची ती निवडणूक. बहुसंख्य मतदारांना लिहिता-वाचता येत नव्हतं. आधी सगळ्यांना साक्षर करू, मग मत देऊ, असं म्हणत कुणी बसलं नाही. पेट्या वेगळ्या केल्या. लाखो पेट्या लागल्या, त्यातल्या कितीतरी मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या. मला वाटतं, या देशात ज्यांनी ज्यांनी असं काम केलं त्यांनी माणसाला शिकवण्याऐवजी वस्तूला शिकवलं.

मी हे आक्कांना म्हटलं. त्यांनी मान डोलावली, पण चेहरा काही खुलला नाही.

"आणि काही वस्तूंना उलटं शिकवतात ओ वैनी. तुम्हाला सांगायचं राहिलंच. परवा पुण्याचं बसचं तिकीट काढलं मोबाईलवर. तिकीट सहाशेचं, कापले सहाशे त्रेपन्न. बघते तर विमा घेतलेला, आणि कुठल्याशा संस्थेला दान दिलेलं. मी दान केलं आणि मलाच ठाऊक नाही! कर्णाला तरी ठाऊक असायचं."

"खुणेची चौकट आधीच बरोबर करून ठेवलेली असणार."

"तेच! आणि विम्यापाशी तर दोन बटणं. 'हो' म्हणायचं हिरवंगार, पोळपाटाएवढं. आणि खाली राखाडी बारीक अक्षरात काय लिहिलेलं माहितीय? 'नको, मी धोका पत्करेन.' मी कधी म्हटलं मला धोका पत्करायचाय? मला फक्त पुण्याला जायचंय! वर एक घड्याळ उलटं पळत होतं, दोनच जागा राहिल्या, दोनच जागा राहिल्या. घाई घाई केली. आणि बसमध्ये चढले, तर निम्मी बस रिकामी."

आक्कांना मी सांगितलं की याला नाव आहे. इंग्लंडच्या हॅरी ब्रिग्नल नावाच्या डिझायनरनं २०१० साली या चालींना 'डार्क पॅटर्न' म्हणून नाव दिलं. आणि आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला मार्गदर्शक सूचना काढून अशा तेरा प्रकारांना मनाई केलीय. खोटी घाई लावणं, टोपलीत गुपचूप माल टाकणं, नाही म्हणणाऱ्याला लाजवणं, वर्गणी सुरू करायला एक बटण आणि बंद करायला चक्रव्यूह, सगळे त्यात आहेत. तक्रारीला १९१५ हा नंबर आहे.

"तुमच्या एका तिकिटात तीन प्रकार झाले आक्का. घाई, टोपली आणि लाजवणं."

"तेरातले तीन!" आक्कांनी बोटं मोजली. "पण वैनी, हे आणि तुमची शेगडी एकात नका धरू. शेगडीवाल्यानं विचार केला नाही. यानं फार विचार केलाय. मी कुठं बघेन, कुठं बघणार नाही, माझं बोट कुठं जाईल, सगळं त्याला माहिती. नातीला जे शिकवतात तेच शिकलेला कुणीतरी असणार तो. हा वेंधळेपणा नव्हे, हा काटा मारणं झालं."

काटा मारणं. तेराही प्रकारांना मिळून मराठीत याहून नेमका शब्द मला तरी सुचत नाही. तराजू तोच, हात तोच, फक्त दांडी कुणाच्या बाजूला झुकवायची तेवढा प्रश्न.

ऊन चढायला लागलं होतं. आक्कांना तहान लागली म्हणून मी आतून तांब्या-भांडं आणलं. आक्कांनी फटीतून तांब्या घेतला, गळ्याला बोटं घातली, आणि भांडं न घेता वरूनच पाणी प्यायल्या. थेंब सांडला नाही.

"आक्का, तुमच्या हातात आहे ना, तो तांब्या, त्याच्यावर परदेशी माणसांनी लिहिलंय."

"तांब्यावर? काय म्हणून?"

चार्ल्स आणि रे ईम्स, अमेरिकन नवरा-बायको, दोघेही नावाजलेले डिझायनर. भारत सरकारनं त्यांना बोलावलं, देशभर हिंडवलं, आणि १९५८ साली त्यांनी अहवाल दिला. त्यातून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी लोट्याची वाखाणणी केलीय. किती पाणी मावावं, भरल्यावर वजन किती, कमरेवर धरला तर तोल कुठे, ओतताना धार कशी पडेल, आत हात घालून घासता येईल का, ऊन पाण्यानं हाताला चटका किती बसेल, असे कितीतरी प्रश्न एका लोट्यानं सोडवलेत, आणि ते कुणा एका माणसानं नाही, पिढ्यान्‌पिढ्यांनी, असं त्यांचं म्हणणं.

आक्का तांब्याकडे नव्यानं बघत होत्या. बोटानं त्याचा गळा चाचपला.

"ह्याला ठिपका नाही लावावा लागत," त्या हळूच म्हणाल्या. "सासूबाईंनी पहिल्या दिवशी सगळं शिकवलं मला. चूल कशी पेटवायची, पाटा कसा टाकवून घ्यायचा. तांब्या कसा धरायचा ते नाही शिकवलं."

तेवढ्यात फाटकाशी कुरिअरची मुलगी येऊन उभी राहिली. नवीन होती. एका हातात खोकं, पाठीवर मोठी पिशवी. तिनं मुठीला हात घातला. मी ओरडायला तोंड उघडलं.

"थांबा!" आक्कांनी बोट वर केलं. "बोलू नका वैनी. नुसतं बघा."

मुलीनं फाटक ओढलं. हललं नाही. पुन्हा ओढलं. खोकं खाली ठेवून दोन्ही हातांनी ओढलं. मग आमच्याकडे ओशाळं हसून बघितलं, म्हणाली, "सॉरी हं काकू, मला जमत नाहीये."

सॉरी! ती म्हणत होती सॉरी.

मी फाटकाकडे बघितलं. ते बसवल्यापासूनच्या अकरा वर्षांत पहिल्यांदाच नीट बघितलं. बाहेरच्या बाजूला जाड, गोल, पितळी मूठ. जुन्या कपाटाची होती, वाया कशाला घालवायची म्हणून यांनी बसवली होती. ओढा म्हणून हाका मारणारी मूठ, आणि फाटक उघडतं आत. वरची बिजागरी खचलेली, म्हणून खालची कड फरशीला टेकते, म्हणून उचलायचं. आम्हाला कधी जाणवलं नाही, कारण आमचा हात ते न सांगता करतो. अकरा वर्षं पोस्टमन, दूधवाला, गॅसवाला, मुलाच्या सासरची माणसं, सगळ्यांना आम्ही आरोळ्या मारून फाटक उघडायला शिकवत होतो, आणि नाही जमलं तर वर हसत होतो.

"वैनी," आक्का अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "नेलपॉलिश आणू का?"

"नको. वेल्डरच आणा." मी फाटकाला झटका देऊन त्या मुलीला आत घेतलं, पाणी दिलं, आणि व्हरांड्याकडे तोंड करून हाक मारली, "अहो, ऐकलंत का? आपलं फाटक दुरुस्त करून घ्यायला हवं. कुणालाच उघडत नाही."

पेपर जरासा खाली झाला. चष्म्यावरून दोन डोळे दिसले.

"काय झालंय फाटकाला?" हे म्हणाले. "मला तर नीट उघडतं."